पर्सी वीझली: कढयांच्या बुडापासून राजीनाम्यापर्यंत

मधलीसुट्टी

(रसभंगाचा इशारा: सातही पुस्तकांतलं सगळं इथे फुटणार आहे. ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी इथूनच मागे फिरावं.)

हॅरी पॉटरमधल्या पात्रांवर चर्चा सुरू झाली की तिसऱ्या प्रतिसादापर्यंत गाडी स्नेपवर येते आणि तिथेच रुतून बसते. म्हणून आधीच सांगतो, या धाग्यात स्नेपला प्रवेश नाही.

मला पर्सी वीझलीबद्दल बोलायचंय. छातीवर बिल्ला, नाकावर चष्मा, तोंडात नियम. जुळ्या भावांनी ज्याची कायम टर उडवली, पाचव्या पुस्तकात जो घर सोडून गेला आणि ज्याला बहुतेक वाचक 'सत्तेपायी आईबापांना विसरला' एवढ्या एका वाक्यात निकालात काढतात. माझं म्हणणं असं, की त्याला सत्तेपेक्षा शिक्क्याची भूक होती. वरच्या कुणीतरी 'तू बरोबर आहेस' असं लेखी द्यावं, बस. आणि आपण त्याला शिव्या घालतो त्यासुद्धा चुकीच्या पुस्तकासाठी. पाचव्यातला पर्सी मला कळतो. सहाव्यातला पचवायला जड जातो.

आधी घर बघा. दुसऱ्या पुस्तकात वीझलींची ग्रिंगॉट्समधली तिजोरी उघडते तेव्हा आत सिकल नावाच्या चांदीच्या नाण्यांची छोटीशी रास आणि एकच सोन्याचा गॅलियन असतो. मुलं सात. या एकाच तिजोरीला प्रत्येक पोराचं उत्तर वेगळं आहे. बिल त्या बँकेतच नोकरीला लागून इजिप्त गाठतो. चार्ली रोमानियात ड्रॅगनांच्या मागे. जुळे विनोदी वस्तूंचं दुकान काढायचं ठरवतात. रॉन चिडतो, लाजतो, जुनाट झग्याकडे बघून करवादतो. पर्सी अभ्यासाला बसतो. पाचव्या वर्षाच्या परीक्षेत बारा ओ.डब्ल्यू.एल. मिळवतो, आधी प्रीफेक्ट (शिस्त बघणारा विद्यार्थी), मग हेडबॉय. वरच्या दोघांतला एक हेडबॉय होऊन गेलेला, दुसरा क्विडिचचा कप्तान. खालचे दोघे अख्ख्या शाळेला हसवणारे. मधल्याच्या वाट्याला उरलं काय? नियम पाळणं. ते करणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. बाप कायदा लिहितो आणि त्यात स्वतःसाठी पळवाट ठेवून उडती मोटार बनवतो, त्या घरात!

त्याला माया नव्हती हेही खोटं. दुसऱ्या पुस्तकात धाकट्या बहिणीचा, जिनीचा, चेहरा उतरलेला पाहून तिला दटावून औषध पाजणारा पर्सी असतो. खलनायक व्होल्डेमॉर्टच्या जादूच्या डायरीने पोखरलेल्या त्या पोरीचं काहीतरी बिनसलंय हे शाळेतल्या चार भावांपैकी त्याने पाहिलं. अर्थात उपाय शोधला तो सर्दीतापाचा. पुढे तीच जिनी हॅरी-रॉनला सगळं सांगायला तोंड उघडते तेव्हा मध्ये येऊन बसणाराही पर्सीच. त्याला वाटतं, ही माझं आणि पेनेलोपी क्लिअरवॉटरचं गुपित फोडणार. आणि जिनीला तळघरात नेल्याचं कळल्यावर तो आईवडिलांना घुबड पाठवतो आणि आपल्या खोलीत दार लावून बसतो. हॅरी त्या दाराबाहेर आहे, म्हणून आपणही बाहेर. आत काय झालं ते लेखिका सांगत नाही.

चौथ्या पुस्तकातला तलाव आठवा. ट्रायविझर्ड स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत हॅरी रॉनला पाण्यावर आणतो. पर्सी तेव्हा परीक्षकांच्या खुर्चीत आहे, जादूच्या मंत्रालयातल्या त्याच्या साहेबाच्या, क्राउचच्या जागी, म्हणजे त्याच्या मते आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या खुर्चीत. आणि तो पांढराफटक पडून पाण्यात धावत येतो, रॉनला धरून काठाकडे ओढतो. रॉन 'सोड रे' म्हणून ओरडतो. त्या क्षणी पर्सी नेहमीपेक्षा लहान दिसत होता, असं लिहिलंय. पर्सीबद्दलचं मला सर्वांत आवडणारं वाक्य ते.

मग भांडण. शाळा सुटून वर्षच झालंय, क्राउच प्रकरणात चौकशी होऊन गेलीय, आणि तरी मंत्र्याच्या कचेरीत बढती मिळते. पोरगा आनंदाने ही बातमी घेऊन घरी येतो आणि बाप म्हणतो, तुला तिथे आपल्यावर नजर ठेवायला नेलंय. बापाचं, आर्थरचं, बरोबर असणार. व्होल्डेमॉर्ट परत आलाच नाही म्हणणारा मंत्री फज काय माल आहे ते आपल्याला माहीत आहे. पण ज्याने आयुष्यभर फक्त गुणवत्तेचा शिक्का मागितला त्याला हे ऐकवणं, तेही त्या दिवशी! त्यावर पर्सी जे बोलला ते अक्षम्य आहे: तुमच्या बदनामीशी मला झगडावं लागतं, तुम्हाला महत्त्वाकांक्षाच नाही, म्हणून आपण कायम गरीब. त्या एका वाक्यातून ती तिजोरीच बोलते.

हे भांडण आपण पाहिलेलं नाही, हे विसरू नका. हॅरी आला तोवर सगळं होऊन गेलं होतं. आपल्याला ते कळतं रॉन आणि जुळ्यांच्या तोंडून, म्हणजे एका पक्षाकडून.

आता सहावं पुस्तक. जून १९९६ मध्ये व्होल्डेमॉर्ट मंत्रालयातच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभा राहिला. फज गेला, स्क्रिमजर आला. पर्सीने ज्या कागदावर विश्वास ठेवला तो कागदच खोटा निघाला. आता तरी घरी यायचं ना? नाही आला. नाताळात आला तो नव्या मंत्र्याबरोबर, कारण मंत्र्याला हॅरीशी बोलायचं होतं. आई गळ्यात पडली, हा काठीसारखा ताठ. मुख्याध्यापक डंबलडोर पर्सीच्या आईला, मॉलीला, काय म्हणाले होते ते हर्मायनी सांगते: समोरचा चुकला तर त्याला माफ करणं सोपं, समोरचा बरोबर निघाला तर फार कठीण. पर्सीवरचं याहून नेमकं भाष्य पुस्तकात दुसरं नाही.

तुमचं मत काय?

पानकळा

वाचतेय. छान लिहिलंय, पण पर्सीच्या नावावरचा खरा पराक्रम तुम्ही गाळलात. स्कॅबर्स! तो उंदीर रॉनच्या आधी पर्सीचा होता. प्रीफेक्ट झाल्याबद्दल त्याला घुबड मिळालं आणि उंदीर रॉनकडे आला. म्हणजे उंदराचं रूप घेतलेला, पॉटर पतिपत्नींचा विश्वासघात करणारा पीटर पेटिग्र्यू वर्षानुवर्षं पर्सीच्या उशाशी झोपला.

त्यात क्राउच धरा. साहेब इम्पेरियस या मन ताब्यात घेणाऱ्या शापाखाली, घुबडाने सूचना धाडतोय आणि आपले पर्सीसाहेब त्या इमानाने पाळताहेत. मग सातव्यातला मंत्री थिकनेस, तोही इम्पेरियसखालीच. एकाच माणसाच्या वाट्याला असे तीन! वरिष्ठ शुद्धीवर आहे की नाही हे ओळखण्याची परीक्षा असती तर तेरावा ओ.डब्ल्यू.एल. काही मिळाला नसता.

झोपाळू

तेरावा ओ.डब्ल्यू.एल.!! खिक्. पोट दुखलं.

मधलीसुट्टी

पानकळा, उंदराचं खापर एकट्या पर्सीवर नको. तो अख्ख्या घराला ओळखता आला नाही. आणि डंबलडोरना वर्षभर रोज जेवायच्या टेबलावर बसणारा नकली शिक्षक मूडी कळला नाही, तर अठराव्या वर्षी नोकरीला लागलेल्या पोराने क्राउचची पत्रं ओळखावीत?

पण तुमच्या यादीतून एक गोष्ट दिसते खरी. पर्सी माणूस बघत नाही, पद बघतो. क्राउच त्याला 'वेदरबी' म्हणतो. नावसुद्धा धड माहीत नाही! तरी पर्सी त्याच्यापुढे कमरेत वाकतो. ज्या घरात नाव घेऊन सात वेळा जेवायला हाका मारतात ते घर सोडून हा अशा माणसाच्या कौतुकाची वाट बघतो.

तिरपी_रेघ

लेख चांगला, वकिलीही चांगली. पण अशील पक्का गुन्हेगार आहे आणि तुम्ही मुख्य पुरावा दडवलात. पत्र कुठे गेलं?

रॉन प्रीफेक्ट झाल्यावर पर्सीने रात्री घुबडाबरोबर धाडलेलं पत्र. त्यात काय आहे? अभिनंदन आहे. मग हॅरीशी संबंध तोड, तो कदाचित हिंसक आणि डोक्याने बिघडलेला असेल, असा सल्ला आहे. मंत्रालयाने शाळेवर नेमलेल्या अंब्रिजबाईंची भरभरून स्तुती आहे. आणि शेवटी आईवडिलांबद्दल काय, तर त्यांना आपली चूक कळेल त्या दिवशी मी त्यांची माफी स्वीकारायला तयार आहे! म्हणजे माफी मागायची त्यांनी, आणि हे स्वीकारणार. रॉनने ते पत्र फाडून शेकोटीत टाकलं, योग्यच केलं.

आई नाताळचा स्वेटर विणून पाठवते, तो हा परत करतो. सोबत चिठ्ठी नाही. बापाला सापाने फाडलं, मरता मरता वाचला, हा बघायला आला नाही. तुम्ही म्हणता पाचव्यातला पर्सी कळतो. मला नाही कळत. फजवर विश्वास ठेवायला हरकत नाही, हॅरीच्या वर्गातल्या सीमसनेही ठेवला होता. पण विश्वास ठेवणं वेगळं आणि इस्पितळात पडलेल्या बापाकडे न फिरकणं वेगळं.

आणि सत्तेची भूक नव्हती म्हणता? दुसऱ्या पुस्तकात जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानात तो कुठलं पुस्तक वाचत असतो आठवतंय का? सत्तेवर पोहोचलेल्या प्रीफेक्टांचं. लेखिकेने हातात आरसा दिलाय हो.

ओसाडगावचा

रेघताईंना +१. स्वेटरवरच माझं डोकं फिरलं होतं. पहिल्या पुस्तकात जुळे त्याला तोच आईचा स्वेटर जबरदस्तीने डोक्यावरून घालतात आणि आज प्रीफेक्टांबरोबर बसायचं नाही, नाताळ घरच्यांबरोबर असतो, असं बजावतात. पहिलं वाचताना गंमत वाटते. पाचवं वाचून परत गेलं की घशात अडकतं.

मधलीसुट्टी

रेघताई, पत्र वाचलंय आणि त्याचा बचाव करणार नाही. बापाला बघायला न येणं हे तर मी पत्राच्याही वर ठेवतो.

पण पत्राचा सूर बघा. ते भावाला लिहिलेलं वाटत नाही, कचेरीतून सुटलेलं परिपत्रक वाटतं. पर्सीला प्रेम करायचं असतं तेव्हाही त्याच्या हातून टिपण बाहेर पडतं. रॉन बिघडू नये, रॉनचं नाव खराब होऊ नये, ही काळजी त्यात खरी आहे. जिनीला औषध पाजण्यासारखंच: आजार दिसला, निदान साफ चुकलं. फरक एवढाच की त्या वेळी औषध निरुपद्रवी होतं, या वेळी विष होतं.

त्या पुस्तकाचं म्हणाल तर वय बघा. सोळाव्या वर्षी मंत्री व्हायची स्वप्नं बघणं म्हणजे सत्तालोभ असेल तर सोळाव्या वर्षी संपूर्ण शाळेला खोड्यांचा माल विकणं म्हणजे काय? महत्त्वाकांक्षा जुळ्यांनाही होती. हॅरीने दिलेल्या हजार गॅलियनांवर त्यांनी दुकान उभं केलं आणि आपण टाळ्या वाजवल्या, कारण ती महत्त्वाकांक्षा हसरी होती.

खडूस_मांजर

मी फक्त सिनेमे बघितलेत. पर्सी म्हणजे तो फजच्या मागे उभा असतो तोच ना? तो घर सोडून गेला होता??

पानकळा

@खडूस_मांजर, पुस्तकं घ्या हो हातात. सिनेमात भांडण नाही, पत्र नाही, माफी नाही. कुठल्याही खुलाशाशिवाय पोरगा फजच्या बाजूला उभा दिसतो आणि प्रेक्षकाला वाटतं, लागला असेल नोकरीला. रोलिंगबाईंनी तीन पुस्तकांत पसरलेली गोष्ट पटकथेतून सरळ कापली गेली.

अनुस्वार

उशिरा आलो. एक वेगळा मुद्दा मांडतो.

पर्सीची तुलना सीमसशी करताय, ती मला अपुरी वाटते. त्याची खरी जोडी हॅरीच्या धर्मपित्याशी, सिरियस ब्लॅकशी, लागते. दोघांनी घर सोडलं. दोघांना घरचे लोक चुकीच्या बाजूला आहेत असं वाटत होतं. दोघांनी जाताना मागे वळून पाहिलं नाही. सिरियस सोळाच्या सुमाराला पळाला, तो नायक. पर्सी गेला, तो गद्दार. फरक जाणाऱ्याच्या हिमतीत नाहीच, सोडलेल्या घरात आहे. पर्सीला आपलं घर चुकीचं वाटलं. इथे त्याची नजर फसली, पण ती पायरी उतरायला लागणारी जिगर दोघांची सारखी होती.

आता त्या दोन घरांनी काय केलं ते बघा. ब्लॅक घराण्यात भिंतीवर वंशवृक्षाचा पडदा आहे. सिरियस गेला, आईने त्याचं नाव जाळून टाकलं. नात्यातल्या अँड्रोमेडाने मगल (बिनजादूच्या) कुटुंबातल्या माणसाशी लग्न केलं, तिचंही जाळलं. जिथे जिथे माणूस होता तिथे तिथे भोक.

बरोमध्ये, म्हणजे वीझलींच्या घरी, पडदा नाही, घड्याळ आहे. नऊ काटे, आईबाप आणि सात मुलं. सहाव्या पुस्तकात मॉली ते घड्याळ सोबत घेऊन फिरते आणि नऊच्या नऊ काटे 'प्राणसंकट'वर आहेत. नऊ! पर्सी जाऊन वर्ष झालं, बोलणं बंद, स्वेटर परत आलेला. काटा कुणी काढला नाही. तो कुठे आहे, जिवंत आहे का, हे ती बाई रोज बघत होती.

पाचव्या पुस्तकातला बोगार्टही (समोरच्याच्या भीतीचं रूप घेणारा जीव) तेच सांगतो. मॉलीसमोर एकेकाचं प्रेत होत जातं: रॉन, बिल, आर्थर, जुळे, मग पर्सी, मग हॅरी. त्यानंतर रडताना ती जे बोलते त्यात पर्सी येतोच. तो बोलत नाही आमच्याशी, काही भयंकर झालं आणि समेट राहून गेला तर?

तिरपी_रेघ

अनुस्वार, घड्याळाचं मला कधी सुचलं नव्हतं, मान्य. दंडवत.

पण याने मॉली मोठी होते, पर्सी नाही.

आणि आता माझा खरा प्रश्न. मधलीसुट्टी सहाव्या पुस्तकावर थांबले. सातव्याचं काय? ऑगस्ट १९९७ मध्ये मंत्रालय डेथ ईटरांच्या, म्हणजे व्होल्डेमॉर्टच्या माणसांच्या, हातात गेलं. मगल-वंशीयांची नोंदणी सुरू झाली. छड्या काढून घेतल्या, माणसं अझ्काबानच्या तुरुंगात पाठवली. मिसेस कॅटरमोलची सुनावणी आठवा, खाली जीव शोषणारे डिमेंटर आणि वर अंब्रिज. हे सगळं चालवायला कागद लागतात, नोंदवह्या लागतात, कुणीतरी नीट अक्षरात लिहिणारा लागतो. पाचव्या पुस्तकात हॅरीच्या सुनावणीला लेखनिक म्हणून कोण बसलं होतं? पर्सी इग्नेशियस वीझली. मग त्या वर्षी त्याच्या टेबलावरून काय काय गेलं? पुस्तक गप्प आहे. मी नाही गप्प बसू शकत.

त्याची एके काळची मैत्रीण पेनेलोपी. स्नॅचर, म्हणजे फरारी हुडकणारे, पकडतात तेव्हा हर्मायनी तिचंच नाव सांगते, आणि मिश्रवंशीय म्हणून सांगते. खरी पेनेलोपी त्या वर्षी कुठे होती, हे मंत्रालयात बसलेल्या पर्सीने विचारलं तरी असेल का?

ओसाडगावचा

बाप रे. हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता. धागालेखक, आता बोला.

मधलीसुट्टी

बोलतो. रेघताईंचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत जड प्रश्न आहे.

सातव्या पुस्तकात पर्सी लढाईआधी एकदाच दिसतो, अर्ध्या परिच्छेदापुरता. हॅरी रनकॉर्न नावाच्या अधिकाऱ्याचं रूप घेऊन मंत्रालयाच्या लिफ्टमध्ये आहे. आर्थरही तिथेच. पर्सी कागदात डोकं खुपसून आत येतो. दारं बंद झाल्यावर वर बघतो तर समोर बाप. लालबुंद होतो आणि पुढच्या मजल्यावर दार उघडताक्षणी बाहेर पडतो.

आता पाचव्या पुस्तकातला पर्सी आठवा. तो बापासमोर लाल झाला नव्हता, मान ताठ ठेवून न बघता निघून जायचा. स्वतः बरोबर आहोत याची खात्री असलेला माणूस लिफ्टमधून पळत नाही. म्हणजे सप्टेंबर १९९७ ला त्याला कळलेलं होतं. युद्धाच्या रात्री तो म्हणतो तेही जुळतं: बऱ्याच दिवसांपासून डोळे उघडत होते, पण मंत्रालयातून बाहेर पडणं सोपं नव्हतं, फितुरांना धरून तुरुंगात टाकत होते.

पण याच दृश्यात लेखिकेने पर्सीविरुद्धचा पुरावाही ठेवलाय. पर्सी बाहेर पडतो न पडतो तोच आर्थर हात आडवा घालून रनकॉर्नला अडवतो आणि मगल-वंशीय डर्क क्रेसवेलला पकडून दिल्याबद्दल जाब विचारतो. रनकॉर्न केवढा धिप्पाड, केवढा धोकादायक. आर्थर एकटा. एकाच लिफ्टमध्ये मुलगा कागदामागे लपून निघून गेला आणि बाप एका खुनशी माणसासमोर उभा राहिला. त्यावर पर्सीचा वकील म्हणून माझ्याकडे उत्तर नाही.

एक मात्र ध्यानात घ्या. आर्थरही त्याच मंत्रालयात त्याच मंत्र्याखाली नोकरी करत होता. १९९८ च्या ईस्टरच्या सुमाराला कुटुंब लपायला गेलं तोपर्यंत. पगार दोघांनी त्याच तिजोरीतून घेतला. आर्थरकडे ऑर्डर ही व्होल्डेमॉर्टविरोधी गुप्त संघटना होती, बायको होती, रात्री घरी जाऊन खरं बोलायला माणसं होती. पर्सीने ती सगळी दारं स्वतः बंद केली होती. त्यामुळे त्याचं गप्प राहणं मी भित्रेपणात धरतो, दुष्टपणात नाही. यापलीकडे त्याला सूट देत नाही.

तिरपी_रेघ

'भित्रेपणा' एवढं चालेल मला. निदान वकिलाने कबुली तरी दिली.

अनुस्वार

बंद दारांवरून परतीचं दृश्य आठवलं. हॉगवर्ट्सच्या त्या खोलीत पर्सी धडपडत आत येतो. डंबलडोरांच्या भावाकडून, ॲबरफोर्थकडून, दहा मिनिटांपूर्वी निरोप मिळालेला असतो. सगळं कुटुंब समोर. कुणी बोलत नाही. ते अवघडलेपण मोडायला बिलची बायको फ्लर ल्यूपिनला त्याच्या बाळाची खुशाली विचारते, हा बारकावा किती घरगुती आहे! आणि मग पर्सी फुटतो. मी मूर्ख होतो, मी दीडशहाणा होतो, मी... पुढचे शब्द त्याला सापडत नाहीत, ते जुळ्यांतला फ्रेड पुरवतो: मंत्रालयप्रेमी, घर नाकारणारा, सत्तापिपासू गाढव. पर्सी आवंढा गिळून म्हणतो, हो, होतो.

बघा, आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस दुसऱ्याने लिहिलेल्या मसुद्यावर एकही दुरुस्ती न सुचवता सही करतो.

फ्रेड हात पुढे करतो. आई मिठी मारते, तिच्या खांद्यावरून पर्सीची नजर बापाकडे. माफी तो बापाचीच मागतो.

पानकळा

आणि मग लढाईत थिकनेसशी भिडल्यावर, 'मंत्रीमहोदय, मी राजीनामा देतोय हे सांगितलं का?' सातही पुस्तकांत पर्सीचा हा एकमेव विनोद. फ्रेडला धक्काच बसतो, पर्सी चक्क विनोद करतोय! तेवढ्यात भिंत कोसळते आणि फ्रेड जातो.

मला त्या प्रसंगाबद्दल लेखिकेचा राग येतो. ज्याने सर्वांत आधी माफ केलं त्यालाच मारलं, आणि तेही त्याच्या विनोदावर हसत असताना. पर्सी फ्रेडच्या देहावर पडून राहतो, शत्रूचे मंत्र लागू नयेत म्हणून. रॉन ओढतो तरी उठत नाही. या वेळी नियमाचं कुठलंच पुस्तक कामाला येत नाही.

झोपाळू

इथे पाचव्या पुस्तकातल्या मारिएटाची आठवण कुणालाच नाही. तिची आई मंत्रालयात फ्लू नेटवर्कच्या (शेकोटीतून प्रवासाच्या) कचेरीत. पोरीवर घरातूनच दबाव. तिने डंबलडोर्स आर्मी या विद्यार्थ्यांच्या गुप्त गटाची माहिती अंब्रिजला दिली आणि हर्मायनीच्या शापाने तोंडावर पुटकुळ्या उमटल्या, पुढच्या वर्षीही जाड मेकअपखाली त्या होत्याच. पर्सीने सगळं कुटुंब सोडलं तरी त्याला मिठी मिळाली. मारिएटाने आईचं ऐकलं, तिला परतायची संधीच नाही. वीझली आडनाव असलं की बरं असतं.

मधलीसुट्टी

झोपाळू, झोपेत फार धारदार लिहिता! यावर वेगळा धागा काढा, मी येतो. हर्मायनीच्या त्या शापाबद्दल माझं मत तिच्या चाहत्यांना आवडणार नाही.

पर्सीला मिठी मिळाली ती आडनावामुळे, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं, तो आला ती वेळ. जिंकल्यानंतर आला असता तर आपण सगळ्यांनी त्याला संधिसाधू म्हटलं असतं. तो आला तेव्हा हॉगवर्ट्स हरणार असंच चित्र होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने पडती बाजू निवडली, आणि तीही कुणाच्या लेखी आदेशाशिवाय.

अजून एक, पुस्तकात अर्ध्या ओळीत येऊन जातं म्हणून निसटतं. शेवटच्या झुंजीत कोण कुणाला पाडतं याची घाईघाईने यादी येते. ॲबरफोर्थ रुकवुडला, रॉन आणि नेव्हिल ग्रेबॅकला. आणि थिकनेसला? आर्थर आणि पर्सी, दोघे मिळून. ज्या मंत्र्याच्या खुर्चीवरून बापलेकांत भांडण झालं, त्या खुर्चीवरच्या माणसाला दोघांनी मिळून लोळवलं. माणूस बदललेला, खुर्ची तीच.

ओसाडगावचा

आणि एकोणीस वर्षांनी? स्टेशनवर धुक्यातून पर्सीचा आवाज येतोय, झाडूंच्या नियमांवर कुणाला तरी व्याख्यान चाललंय. हॅरीला त्याच्याशी बोलायला न थांबण्याचं निमित्त मिळतं म्हणून बरं वाटतं! म्हणजे माणूस तसूभर बदलला नाही.

अनुस्वार

बदलायला कशाला हवा? दुरुस्त व्हायला हवी होती ती निष्ठा. नियमांची आवड हा काही रोग नव्हे. नोकरीला लागल्यावर त्याने कढयांच्या बुडाच्या जाडीवर लिहिलेल्या अहवालावर तुम्ही हसता, पण पातळ बुडाच्या आयात कढया गळतात आणि ते प्रमाण वर्षाला जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतंय, असं तो सांगतो. आता गळक्या कढईत उकळतं औषध असेल तर पाय कुणाचा भाजेल? हे काम कुणीतरी करायलाच हवं की.

पानकळा

नेव्हिलच्या कढया बुडाच्या जाडीने वाचल्या नसत्या. चौथ्या पुस्तकात त्याने सहावी वितळवली होती.

खडूस_मांजर

तिसरं पुस्तक हातात घेतलंय. रेव्हनक्लॉविरुद्धच्या सामन्याआधी पर्सी हॅरीच्या कानात सांगतो, पेनेलोपीशी दहा गॅलियनची पैज लावलीय, जिंक बाबा, माझ्याकडे दहा गॅलियन नाहीत! नियमवाले हेडबॉय जुगार खेळतात होय?

तिरपी_रेघ

ग्रिफिंडॉर तो सामना जिंकलं. म्हणजे दहा गॅलियन पर्सीला मिळाले असणार. तिने दिले का, हे मात्र पुस्तकात नाही. आणि पर्सी वसूल केल्याशिवाय राहिला असेल असं मला वाटत नाही.

मधलीसुट्टी

रीतसर पावती देऊन.